हेळव्याच्या वहीतली मुलगी

नोकरीत पुष्कळ तपास केले, पण त्या मुलीचा तपास आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. तिच्या घराची वाताहत दुष्काळात झाली. बाप आधीच वारला होता. आई पाच वर्षांच्या लेकीला घेऊन बिलोलीकडे तलावाच्या कामावर गेली, माती वाहिली, आणि तिथंच तापानं गेली. हजेरीपटावर तिच्या गावाचं नाव नव्हतं. मुलगी नांदेडच्या एका बालगृहात पोहोचली.

दहा-बारा वर्षांनी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि मी कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. जुन्या जिल्ह्यातून आलेल्या दप्तरांचे गठ्ठे अजून सुटले नव्हते. आम्ही त्यांच्यावरच बसून डबा खायचो.

"साहेब, मी कुणाची आहे ते शोधून द्या," ती म्हणाली.

नर्सिंगला तिची निवड झाली होती. जूनच्या आत बापाचं नाव आणि गावचा दाखला दिला नाही तर जागा हातची जाणार होती. बालगृहाच्या रजिस्टरात तिच्याविषयी दोनच ओळी होत्या. मुलगी आईला 'अव्वा' म्हणते. एक इसम येऊन पाहून गेला, ओळखत नाही म्हणाला. अव्वा म्हणजे कानडी बोलीचा मुलूख, एवढ्या धाग्यावर ती सीमेवरची गावं हिंडत आली होती.

गुन्हा दाखल करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि विचारलं, "लहानपणीचं काही आठवतं?"

"एक खेळ आठवतो. घंटा बांधलेला बैल. त्याच्यावर बसलेला माणूस. तो म्हणायचा, मलकप्पाचा शिवाप्पा, शिवाप्पाचा बसाप्पा, बसाप्पाचा गुंडाप्पा, गुंडाप्पाची गौरा. मग सगळे हसायचे."

(नावं अर्थातच बदलली आहेत.)

मला काही उमगेना. कोपऱ्यात टपाल लावत बसलेले हवालदार मात्र उठून उभे राहिले. निलंग्याकडचे, चौथी पास, निवृत्तीला आलेले.

"साहेब, तुम्ही बी.ए. झालात, पर हे तुमच्या पुस्तकात न्हाई. हा खेळ न्हवं. हा हेळवी हाय. बैलावर बसून दारोदार येतो अन् घराण्याच्या पिढ्या म्हनून दाखवतो." मग तिच्याकडे वळले. "पोरी, शेवटचं नाव कुनाचं हाय ठावं का?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"तुझंच हाय की गं, येडे!"

बालगृहात तिचं दुसरंच नाव ठेवलं होतं. ती 'गौरा, गौरा' असं दोनदा पुटपुटली आणि खाली बसली. हवालदारांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

मला हे कळलं नाही त्याला कारण होतं. आमचं घर बौद्ध. आमच्या वस्तीत हेळवी कधी फिरकला नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आजोबांच्या मागचं एकही नाव मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चौथी पास माणसाकडून शिकलो, त्याची लाज वाटली नाही.

सुगीला हेळवी बिदरकडून येतात. हवालदार आठवडी बाजार धुंडाळत राहिले. पहिला भेटला तो म्हणाला, "हे कूळ माझ्या वाट्याचं न्हाई, चुलतभावाच्या वाट्याचं." त्या चुलतभावाला आम्ही ठाण्यात आणलं. बैल वडाखाली बांधून त्यानं वही उघडली. गाव निघालं, आमच्याच हद्दीतलं. गुंडाप्पा मयत. बायको मयत. मुलगी गौरा, हयात.

"हयात कशावरून?" मी विचारलं.

"मेलेल्या मान्साच्या नावानं घरचे तांब्या दान देत्यात. मग मी नाव खोडतो. हिचा तांब्या मला मिळाला न्हाई. म्हंजे हाय ती."

गावच्या मृत्यूनोंदीत मात्र माय-लेकी एकाच दिवशी मेलेल्या होत्या. खबर देणारा सख्खा चुलता. गुंडाप्पाची सगळी जमीन त्याच्याच नावावर. गावात वजन असलेला माणूस.

त्याला बोलावलं, बाकावर बसवलं, चहा दिला. आवाज चढवला नाही. तो गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगत होता, "पोरगी मेली, साहेब. दोघीला येकाच जागी पुरलं." तीन तास तेच. मग मी मृत्यूची नोंद आणि हेळव्याची वही त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली.

"भावजयीच्या नावानं हेळव्याला तांब्या दिलास ना?"

"दिला की."

"मग पोरीच्या नावानं का नाही दिलास?"

तो एकदम बोलून गेला, "जित्या लेकराच्या नावानं कसा देऊ, साहेब?"

हवालदारांनी हळूच टाक उचलला आणि मी पंच बोलावले. पुढची जबानी सरळ आली. कामावरच्या एका ओळखीच्या मजुराकडून निरोप आला, तो नांदेडला गेला, पोरीला पाहिलं, 'ओळखत नाही' म्हणाला आणि परत येऊन तिचा मृत्यू नोंदवला. बालगृहाच्या रजिस्टरातला इसम तोच.

मुलीला आत बोलावलं. तिला पाहून तो पुटपुटला, "जमिनीसाठी आली."

"हो काका, जमिनीसाठी पण आले," ती ताठ उभी राहून म्हणाली. "बापाची आहे. नाव पण पाहिजे आणि जमीन पण. आणि अव्वाला कुठं पुरलं, तेही सांगा."

त्यानं मान खाली घातली. "तळ्याच्या बांधाला. लिंबाखाली."

त्या तपासानं मला एक गोष्ट शिकवली. माणूस सरकारी कागदाशी खोटं बोलताना कचरत नाही, पण कुठंतरी एक जागा अशी असते की तिथं त्याची जीभ अडते. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आधी ती जागा शोधली.

चुलत्यावर खोट्या खबरीचा गुन्हा दाखल होऊन त्याला पुढे शिक्षा झाली. मृत्यूची खोटी नोंद रद्द झाली, सातबाऱ्याला वारस म्हणून तिचं नाव लागलं, आणि जूनमध्ये गौरा गुंडाप्पा या नावानं ती नर्सिंगला दाखल झाली.