वर गेलेला झेंडा

सलूनवाला तरुणपणी सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा लाइन्समन व्हायचा. बावीस वर्षांपूर्वी शहरातल्या दोन जुन्या वैरी संघांच्या सामन्यात त्याने झेंडा वर केला आणि शेवटच्या मिनिटाचा गोल ऑफसाइड म्हणून बाद झाला. गोल मारणारा त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

तेव्हापासून दर रविवारी गिऱ्हाइकं तोच गोल उकरून काढतात. आज भाऊजी स्वतः खुर्चीत होते, गालांवर फेस लावून. परवा त्यांचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

“चांगले हातभर पुढे होते,” बाकावरून पोस्टमन म्हणाला.

“तुझा चष्मा तेव्हाही हाच होता ना?” दूधवाल्याने टोमणा मारला. “भाऊजी, तुम्ही मात्र जपून बोला. मान त्याच्या हातात आहे.”

सलूनवाल्याला हसू आलं नाही. त्या क्षणी त्याने रेषेकडे पाहिलंच नव्हतं. समोरच्या संघाने ऑफसाइड मागत हात वर केले, त्यांच्याबरोबर त्याचाही गेला. रोज देवापुढे तो हे कबूल करायचा. आज भाऊजींपुढे करायचं ठरवलं होतं.

“भाऊजी, त्या झेंड्याचं जरा बोलायचं होतं.”

“आता काय बोलायचं? त्या दिवशी तुझ्या ताईशी कडाडून भांडलो. तिने देवाची शपथ घेतली, माझा भाऊ न बघता झेंडा उचलणार नाही. तेवढ्यावर मी गप्प झालो. तिचं खरं होतं ना रे?”

सलूनवाल्याने फडकं उगाच पिळलं.

“हो,” तो म्हणाला.

भाऊजींनी समाधानाने डोळे मिटले आणि दुसरा गाल पुढे केला. तो वस्तरा धरून नुसताच उभा राहिला.