दादाच्या सर्व्हरचं कार्ड

वहिनी पदराने दादाच्या सर्व्हरवरची धूळ हलकेच पुसत होती. दादा जाऊन दोन महिने झाले होते. त्या एकाच मशीनमध्ये त्याने सॉफ्टवेअरच्या जोरावर तीन वेगळे, आभासी संगणक चालवले होते; त्यातल्या एकात त्याच्या गाण्याची रेकॉर्डिंग्ज होती. त्यांच्यासाठी आणलेलं नवं नेटवर्क कार्ड मात्र खोक्यातच होतं.

"हे बसवायचं का, भाऊजी?" तिने विचारलं.

"बसवलं तर प्रत्येक आभासी संगणकाला कार्डाचा थेट वाटा मिळेल, वेग वाढेल. पण मग तो या कार्डाशी बांधला जातो, दुसऱ्या मशीनवर हलवणं किचकट होतं. दादाचं तिथेच अडलं होतं."

बांधलं गेलेलं हलवणं किती अवघड, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. घर विकून ती लेकीकडे कायमची निघाली होती; हे अवजड मशीन इथेच राहणार होतं, आतलं सगळं लेकीकडच्या मशीनवर हलवायचं होतं.

"मग नको," ती म्हणाली. "सावकाश चालू दे, पण माझ्याबरोबर येऊ दे."

मी मान हलवली. तिने मशीनमधलं दादाच्या रियाजाचं एक रेकॉर्डिंग लावलं. ते सुरू व्हायला वेळ लागला. मग दादाने घसा खाकरला, आणि वहिनी मशीनला टेकून खाली बसली.