सेकंदाला दोन बुडबुडे

लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हा हॉलमध्ये टीव्हीपेक्षा मोठी काचेची टाकी होती. सासरे छावणीत सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ती मांडली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, नवरा दादा म्हणायचा.

टाकीत मासे थोडे आणि झाडं फार. मामांचा जीव झाडांवर. पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, म्हणून खालच्या कपाटात त्याचा सिलिंडर ठेवलेला असे आणि नळीतून गॅस टाकीत जात असे, सेकंदाला दोन बुडबुडे. कमी पडला तर झाडं खंगतात, जास्त झाला तर मासे गुदमरतात. ते कळावं म्हणून टाकीत आतून काचेचा एक लहानसा गोळा चिकटवलेला होता. त्यातलं पाणी हिरवं असलं तर ठीक, निळं झालं तर गॅस कमी, पिवळं झालं तर धोका.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. पुढच्याच महिन्यात कपाट पुसताना फडक्यात अडकून गॅसचा बारीक व्हॉल्व्ह फिरला आणि मला कळलंच नाही. दुपारी गोळा लिंबासारखा पिवळा झाला होता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मामांनी अर्धं पाणी बदललं, हवेचा पंप लावला, तरी तीन मासे गेले. ते त्यांनी स्टीलच्या ताटलीत घालून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले आणि संध्याकाळपर्यंत उचलू दिले नाहीत. मी त्या ताटलीच्या शेजारी पोळ्या लाटल्या.

रविवारी मामांची बहीण आली, तिला त्यांनी टाकी दाखवली.

"गोदाकाठची पोरगी, पुणतांब्याची, अन् पाण्याचं काही कळत न्हाई," ते म्हणाले. "हिच्या हाताला काही जगत न्हाई बघ."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघून पदर सावरला. नवरा मोबाईल बघत होता. तो तसाच बघत राहिला.

त्यानंतर मामांनी मला शिकवायला घेतलं. सकाळी दिवा लागायच्या एक तास आधी गॅस सुरू, दिवा विझायच्या एक तास आधी बंद. गोळ्याचा रंग दोन तास मागे चालतो, त्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. रोज सकाळी टाकीपुढे उभं राहून मी मोठ्यानं बुडबुडे मोजायचे आणि ते चुटक्या वाजवून ताल धरायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. अंगात ताप असला तरी. पाहुणे असले तर हमखास. सहा वर्षं हे चाललं. मी तयार झाले, इतकी की नळीकडे न बघता नुसत्या झाडांवरून गॅस सांगायचे. पानांवर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे धरले की समजावं, झाडं पोटभर जेवलीत.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जिना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची कॉट हॉलमध्ये टाकीसमोर लावली. त्यांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं सगळं माझ्याकडे आलं. ते मी नीट केलं. त्यांच्या पाठीला कधी एक जखम झाली नाही.

पहिला आठवडाभर गॅसही नेमानं चालवला. एका सकाळी त्यांना पेज भरवत होते, त्यात गॅस सुरू करायला दहा मिनिटं उशीर झाला. त्यांनी डाव्या हातानं चमचा उडवला, टाकीकडे बोट केलं आणि चुटक्या वाजवायला लागले. सेकंदाला दोन.

मी उठले आणि सिलिंडर पूर्ण बंद केला. मग तो काचेचा गोळा काढून टाकीतच त्यांच्या उशीच्या बाजूच्या काचेला आतून लावला, मान न वळवता दिसावा असा.

दुपारपर्यंत तो निळा झाला. मामांच्या घशातून आवाज यायला लागला. नवरा म्हणाला, "दादांना पाणी पाहिजे वाटतं." मी पाणी पाजलं. त्यांनी ते ओठांतून सोडून दिलं, मी तोंड पुसलं.

पुढचे चार महिने मी रोज दिवा वेळेवर लावला, गॅस मात्र सोडला नाही. लाल पानांचं झाड आधी विटकं पडलं, मग देठापासून वितळलं. पुढ्यातल्या हिरवळीवर काळ्या केसांसारखं शेवाळ चढलं. मासे तेवढे मजेत होते, उलट जास्तच पळत होते. त्यामुळे कुणाला काही संशय येण्याचं कारण नव्हतं. संध्याकाळी मी खुर्ची घेऊन मामांजवळ बसायचे आणि आज कुठलं झाड गेलं ते त्यांच्या कानाशी हळू सांगायचे. त्यांचे डोळे भरायचे. मला बरं वाटायचं. ते मी नाकारत नाही.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी त्यांना थोडं बोलतं केलं. पहिला शब्द फुटला तो "गॅस".

नवरा स्वयंपाकघरात धावला. "अगं, शेगडी बघ, दादा म्हणतायत गॅस लीक होतोय."

शेगडी ठीक होती. तो पुन्हा हॉलमध्ये गेला आणि "काही न्हाई दादा, बंद आहे सगळं," असं त्यांना समजावत बसला. मी ओट्याला धरून हसले, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत.

थंडीत एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. घरात दोघंच होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं शिवी देतील, नाहीतर माफी मागतील. दोन्हींसाठी मी तयार होते.

"चांगलं..." ते म्हणाले. "चांगलं शिकलीस."

राग नव्हता त्यात. आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाकडे बघावं तसं ते बघत होते. माझ्या हातून नखाबरोबर थोडी कातडी कापली गेली. रक्त पुसून मी उरलेली बोटं पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी मी सिलिंडर उघडला. दया आली म्हणून नाही. त्यात मला गोडी उरली नव्हती. गोळा हिरवा झाला, पण टाकीत गॅस घ्यायला आता शेवाळाखेरीज फारसं काही नव्हतं. मामांनी मान भिंतीकडे वळवून घेतली. तीन आठवड्यांनी ते गेले.

तेराव्याला आत्याबाईंनी सगळ्यांदेखत मला जवळ घेतलं. "अशी सून कुणाला मिळत न्हाई," म्हणाल्या. बायका माना हलवत होत्या. मी पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते.

नंतर बेलापूरचं एक जोडपं येऊन टाकी टेम्पोत घालून घेऊन गेलं. फरशीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला. नवरा त्याकडे बघत उभा होता.

"दादांनी एवढी जपलेली," तो म्हणाला. "कशामुळे गेली गं झाडं?"

"लक्ष राहिलं नाही माझं."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांचं करता करता तुला वेळ तरी कुठं होता," तो म्हणाला, आणि चपला घालून कामाला गेला.