हापूसची परवानगी

मांडवीत माझा सायबर कॅफे होता तेव्हा एक म्हातारे खलाशी यायचे. मी त्यांना चाचा म्हणायचो. दवाखान्यात शिरावं तसे ते चपला बाहेर काढून यायचे. त्यांना डायबिटीस होता. इंटरनेटवर पाहून मी पहिल्यांदा वाचून दाखवलं, "आंबा बंद." त्यांनी तो अख्खा मोसम पथ्य पाळलं.

पुढच्या मोसमात मात्र म्हणाले, "बेटा, दुसरी साइट काढ." बरंच शोधल्यावर एकीवर 'थोडा आंबा चालतो' असं सापडलं.

"हा डॉक्टर शिकलेला दिसतो," म्हणत चाचा खुशीत घरी गेले.

पावसाळ्यात ते पायाच्या न भरणाऱ्या जखमेला पट्टी बांधून आले. चपला तरीही बाहेरच काढल्या. खुर्चीत टेकून हळूच म्हणाले, "आता तो पहिला डॉक्टर काढ. माझ्यावर रागावला असेल."