द्वारकेचं कांबळं

माझ्या पाठच्या बहिणीलासुद्धा हे ठाऊक नाही. यांना नाही. ज्याच्यामुळे माझी मान या घरात ताठ राहिली त्या मुलाला नाही. देवाला असेल तर असो — त्याने आजवर तोंड उघडलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार मोठ्या विश्वासाच्या म्हणून नव्हे. आज सांगावंसं वाटलं, एवढंच.

आणि एक आधीच बोलून ठेवते. मी रडणार नाही. बाईच्या तोंडची कबुली ऐकताना ज्यांना तिच्या डोळ्यांत पाणी लागतं, त्यांनी दुसरं घर बघावं.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. आमचं घर कल्याणात. हे मामलेदार कचेरीत कारकून. सासूबाई तोंडाच्या गोड. पण डोंबिवलीची एक मुलगी त्यांनी यांच्यासाठी पाहून ठेवली होती आणि मला नीट ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगत — नाकीडोळी नीटस आहे हो, कामाला वाघ आहे. शेवटी नवसही त्यांनीच बोलला. आम्ही दोघांनी कल्याणाहून त्र्यंबकेश्वरापर्यंत अनवाणी चालत जायचं आणि शिवरात्रीला तिथे जोडीने अभिषेक करायचा. त्यावर वर्षाच्या आत पाळणा हलला तर बरंच झालं. नाही हलला, तर डोंबिवली.

आगगाडी होती की! घाट चढून इगतपुरीकडे जाणारी गाडी धूर सोडत आमच्या शेजारून जायची आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून तळपायातले काटे काढायचो. पण गाडीत बसून फेडलेला नवस देव मोजत नाही असं म्हणतात. कोणी विचारलं त्याला?

चालण्याचा क्रम असा: पुढे हे, मध्ये आत्याबाई, मागे मी. आत्याबाई म्हणजे यांची विधवा आत्या. आमच्या सोवळ्याओवळ्यावर नजर ठेवायला सासूबाईंनी त्यांना बरोबर दिलं होतं. बाई पायाला चिवट आणि नाकाला तिखट. कोणी कशाला शिवलं, कोण कुठे बसलं, सगळं त्यांना मागे न बघता कळे.

तरी खरं सांगू? ते दिवस माझ्या जन्मातले सगळ्यात सुखाचे. घरात नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. भिंतीला, शिंक्याला उद्देशून बोलायचं, तिकडून उत्तर यायचं. रस्त्यावर कुठली आलीय भिंत? शहापूर सोडलं त्या दुपारी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तेव्हा हे सरळ येऊन खाली बसले आणि माझा पाय मांडीवर घेतला. आत्याबाई समोर! त्यांनी पदर तोंडावर घेऊन तिकडे मान फिरवली. यांच्या कानामागे एक तीळ आहे, तो मला त्या दिवशी दिसला. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो माहीतच नव्हता. तिथे बसल्या बसल्या मी ठरवलं — हा माणूस मी वाटून घेणार नाही. डोंबिवलीलाच काय, कोणालाच नाही.

हे मुद्दाम सांगितलं. पुढचं कशासाठी केलं ते कळावं म्हणून. पोटात घाला म्हणून नव्हे.

शहापूरच्या पुढे आम्हाला एक जोडपं येऊन मिळालं. ठाण्याचं, आमच्याच जातीचं. तो तिथल्या एका शाळेत पंतोजी, ताठ आणि अबोल. ती द्वारका. माझ्याच वयाची, आणि निघालेली माझ्याचसारख्या नवसाला. शिवरात्र, जोडीने अभिषेक, मूल. सगळं तेच. फक्त ती हसत चालायची. "अहो, देव काय आपल्या पायांचे फोड मोजणार आहे का?" असं म्हणायची, आणि पुढे म्हणायची, "मोजलेच तर माझे जास्त भरतील, मी आधी सांगून ठेवते!" आत्याबाईंनासुद्धा ती आवडली होती. घाट चढताना त्यांचं गाठोडं तीच घ्यायची.

तर — कुठवर आले मी? हो. त्र्यंबकाच्या अलीकडचा मुक्काम. शिवरात्र उद्यावर. एका गावात देवळाशेजारच्या पडवीत आम्ही बायका उतरलो, पुरुष पलीकडे पारावर. सांज होता होता माझ्या ओटीपोटात कळ आली. अजून बराच अवकाश होता माझा. चालण्याने म्हणा, थंडीने म्हणा, लवकर आलं. मला कावळा शिवला. आपण बायका असंच म्हणतो ना? बिचारा कावळा. जन्मभर त्याच्या माथी.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? "आत्याबाई, मी बाहेरची झाले," एवढं म्हणायचं. मग तीन दिवस गावाबाहेर कुठल्या तरी गोठ्याशी बसायचं, चौथ्या दिवशी नहायचं. तोवर शिवरात्र गेलेली. नवस मोडलेला. परत कल्याण, आणि परतल्यावर डोंबिवली. मी बोलले नाही. लुगड्याचा काष्टा आवळला आणि गप्प बसले. उद्या कुशावर्तात डोकं बुडवीन आणि देवापुढे जाईन असं ठरवलं. गेलेसुद्धा. यांच्या हाताला हात लावून संकल्प सोडला, बेल वाहिला, प्रसाद खाल्ला.

झालं. हीच ती गोष्ट असं तुम्हाला वाटलं असेल. विटाळ घेऊन देवाकडे गेली म्हणून बाईच्या मनाला टोचणी लागली असेल! छे हो. त्याची मला तेव्हाही लाज नव्हती, आजही नाही. देव बाटायचा असता तर तिथेच काही तरी बोलला असता. बोलला नाही, उलट वर्ष पुरं व्हायच्या आत माझ्या ओटीत मुलगा आला. आजही तशी वेळ आली तर मी जाईन. शास्त्री-पंडितांना काय ते म्हणू दे.

मला सांगायचं आहे ते मधलं आहे. त्या सांजेचं आणि दुसऱ्या सकाळचं. तिकडे जायला माझी जीभ वळत नाही म्हणून इकडचं-तिकडचं बोलते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मी पडवीच्या कोपऱ्यात कुडकुडत होते. पोट धरून. द्वारकेने ते पाहिलं. तिने आपल्या पुरचुंडीतला ओवा काढला, मला चावायला दिला, भांडंभर कढत पाणी कुठूनसं आणलं. मग स्वतःचं कांबळं माझ्यावर घातलं. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "माझं रक्त गरम आहे," ती म्हणाली आणि पदर लपेटून माझ्या पाठीशी पाठ लावून निजली. तिला कळलं होतं की नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. तिने विचारलं नाही. मी पहाटे लवकर उठून आडावर गेले. उठताना कांबळं तिच्याच अंगावर टाकलं — तिला थंडी वाजू नये म्हणून. हेतू चांगलाच होता, बघा.

परत आले तो आत्याबाई पडवीत उभ्या. समोर कांबळं पसरलेलं. त्याच्यावर डाग.

"कांबळं कोणाचं हे?"

"माझं," द्वारका म्हणाली. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. खरं तेच ती बोलली. कांबळं तिचंच होतं. मग तिला डाग दिसला. "नाही हो आत्याबाई — मी नाही."

"तू नाहीस तर कोण? मी?" आत्याबाईंचं नाक फुगलं होतं. "शिवरात्रीच्या तोंडावर सगळ्यांना शिवत बसलीस? गाठोडं उचललंस माझं!"

द्वारकेने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता तिच्या डोळ्यांत. वाट पाहत होती ती. आता ही बोलेल असं तिला वाटलं. तोंडात मिठाची गुळणी धरून मी नुसती उभी राहिले असते तरी एक वेळ — पण नाही. मी गप्प राहिले नाही. मी बोलले.

मी म्हटलं, "रात्री हिचं पोट दुखत होतं. ओवा खाल्ला हिने."

हेच ते वाक्य. माझी कळ मी तिच्या पोटात घातली, माझ्या तोंडातला ओवा तिच्या तोंडात. कोणी मला तसं बोलायला लावलं नव्हतं. शब्द आधीच जुळून बसल्यासारखे तोंडातून निघाले.

ती का बोलली नाही म्हणाल? कोणापुढे बोलणार होती? तोवर पुरुष पडवीपाशी आले होते आणि हा विषय पुरुषांसमोर काढायचा नसतो. चोर कोण, संन्याशी कोण हे ठरवायलाही तो विषय मोठ्याने बोलता यायला हवा ना! आत्याबाई तिच्या नवऱ्याकडे पाठ करून एवढंच म्हणाल्या, "हिला आता यायचं नाही." पंतोजी समजला. त्याने बायकोला एक शब्द विचारला नाही. तिला गावातल्या एका म्हातारीच्या गोठ्याशी बसवलं आणि तो आमच्याबरोबर पुढे चालू लागला. मी मागे वळून पाहिलं का? पाहिलं. ती कांबळं धूत होती.

वाटेत पंतोजी यांना म्हणाला, "देवानेच दारातून परत लावली." हे चालत राहिले. मीही.

तो शब्द मात्र तिथेच राहिला नाही, ठाण्याला गेला. परत लावलेली. पंतोजीने पुढच्याच लग्नसराईत दुसरी बायको केली आणि द्वारका तिच्या हाताखाली राहिली. लोणच्याच्या बरणीला तिचा हात लागू देत नसत, मंगळागौरीला तिला बोलावत नसत. जिने विटाळ लपवून तीर्थाची वाट बाटवली, देवाने जिला परत लावलं, ती. आणि इकडे कल्याणात माझ्या मुलाला आयाबाया मांडीवर घेऊन म्हणत, त्र्यंबकाचा प्रसाद हो हा! सासूबाईंनी डोंबिवलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला एक संधी आणखी मिळाली होती. तीही सांगते, मापात पाप नको. मुलाची मुंज होती. पंतोजीचं यांच्याशी तेव्हापासून जाणं-येणं, तेव्हा ठाण्याहून ती मंडळी आली. तो, त्याची धाकटी बायको, तिची मुलं, आणि सगळ्यांच्या मागे द्वारका. वाळली होती. हसणं मात्र थोडं शिल्लक होतं. मी सवाष्णींच्या ओट्या भरत रांगेने चालले होते. तिच्यापाशी आले तशा आत्याबाई — पार थकल्या होत्या, पण डोळा तोच — मागून म्हणाल्या, "तिची नको भरूस गं. परत लावलेली ती. पोराचं मंगल आहे."

माझ्या हातात तांदूळ होते, खण होता, नारळ होता. तिने पदर पसरलेला होता. मी पुढच्या बाईकडे गेले.

तिने पदर सावरला. उठून माझ्या मुलाकडे गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. जाताना मला म्हणाली, "गोड आहे हो तुमचा. जपा." टोमणा असेल म्हणून मी त्या चार शब्दांना उलटंपालटं करून पाहिलं. नव्हता. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! चार बायकांत ओरडली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या, तर मी भांडले असते. भांडायला मी कोणाला हार जात नाही. पण तिने मला भांडायला जागाच ठेवली नाही.

आत्याबाई गेल्या. सासूबाई गेल्या. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. आता मला घराबाहेर कोण काढणार आहे? ठाणं काय लांब आहे? गाडीत बसलं की पानाचा विडा संपायच्या आत येतं. द्वारका तिथेच आहे, अजून धाकटीच्या हाताखाली. मी गेले नाही. गुडघे दुखतात, सूनबाई एकटी पडते, ऊन फार आहे — कारणं मला हवी तेवढी मिळतात. नवऱ्यासाठी केलं हेही एक कारणच. पहिल्या वेळी ते खरं होतं. मुंजीच्या दिवशी नव्हतं. तेव्हा नवरा माझाच होता, मुलगा माझा होता, घर माझं होतं. तरी मी पुढच्या बाईकडे गेले.

तर ऐका. तिला कोणी परत लावलं नाही. देवाने नाही आणि नशिबाने नाही. कांबळ्यावरचा डाग माझा होता. ती सोवळी होती, ती आत जाणार होती, मी तिला बाहेर बसवलं.

मघापासून तुम्ही खुणेने मला हळू बोल म्हणता आहात. हे पलीकडे ओसरीवर पोथी वाचत बसले आहेत, ते मला माहीत आहे. मघाशी पान उलटल्याचा आवाज येत होता, आता येत नाही. मी आवाज खाली आणणार नाही.