फक्कीचे सभागृह

संपूर्ण नाशिक शहरात, न बांधलेल्या इमारतीत रोज वावरणारा गृहस्थ एकच असावा, आणि त्याचा मी अपराधी आहे. यातला दुसरा भाग मी आजवर कोणालाही सांगितला नव्हता.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी आहे. माझ्या घरासमोर महापालिकेचा मोकळा भूखंड आहे. विकास आराखड्यात त्यावर वाहनतळाचे आरक्षण. ते बदलून तेथे लोकांसाठी सभागृह व्हावे, असा अर्ज माझ्या शेजारच्या निवृत्त एसटी कंडक्टरांनी केला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. निकालापर्यंत थांबणे नानांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मैदाने आखायची पांढरी फक्की आणली आणि भूखंडावर सभागृह आखूनच टाकले : व्यासपीठ, खिडक्या, स्वयंपाकघर, चपला काढण्याची जागासुद्धा. पावसाने पुसले की पुन्हा आखायचे. रोज संध्याकाळी ते चपला बाहेर काढून ‘दारातून’ आत जात आणि सतरंजी अंथरून बसत. एकदा भाजीवाली जवळची वाट म्हणून भूखंडातून सरळ चालत आली, तर नाना ओरडले, “ओ ताई, भिंतीतून कुठं घुसता? दार हाय ना तिकडं!” ती म्हणाली, “दाराला कुलूप हाय नाना, चावी द्या!” नानांनी क्षणभर खिसा चाचपला. हे मी स्वतः पाहिले आहे.

निफाड-लासलगावच्या खचाखच भरलेल्या गाड्यांत आयुष्य काढल्यामुळे रिकामी जागा त्यांना सोसत नसे. सतरंजीवर आम्ही दोघेच असलो तरी ते म्हणत, “भाऊसाहेब, जरा फुडं सरका, मागं लोकं उभी हायेत.” मी सरकत असे. मागे कोणीही नसे.

एवढा हट्ट कशासाठी, असे मी एकदा विचारले. सतरंजीची दशी पिळत ते म्हणाले, “आमची मंडळी वारली तवा लय लोकं आली, भाऊसाहेब. पण बसायला जागा कुठं होती? रस्त्यावरच हात जोडले अन् उभ्या उभ्या गेली. ती बाई कशी होती, हे कुणी कुणाला सांगितलंबी नाय.”

आरक्षण बदलाच्या सुनावणीला येऊन कॉलनीच्या वतीने थोडे बोलावे, एवढीच त्यांची विनंती होती. मी शब्द दिला. वस्तुतः ते सभागृह मला नको होते. घरात मी एकटाच राहतो, आणि त्या एकटेपणाला मी शांतता म्हणत असे. समोर बँड वाजतील, फाटकाशी गाड्या लागतील, याचे मला भय होते; पण तसे नानांच्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य नव्हते. मी महापालिकेत गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. नानांच्या नावाचा पुकारा झाला. आतून अधिकाऱ्यांचा आवाज आला, “सभागृह मागताय आजोबा, पण माणसं कुठं आहेत?”

“येतायत साहेब,” नाना म्हणाले. “मागं हायेत.”

मी जिना उतरून निघून गेलो.

संध्याकाळी माझ्या हातात चहाचा कप देत त्यांनीच माझी सबब मला पुरवली, “हापिसात अडकला असाल. व्हतं असं.” मी मान डोलावली. ‘स्थानिक रहिवाशांची मागणी दिसून येत नाही,’ या कारणाने अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे मी त्या माणसाचा चहा पीत राहिलो. चहा नेहमीच गोड असे.

यंदा नानांनी पुन्हा अर्ज केला. या खेपेस त्यांनी कोणालाच बोलावले नाही, मलाही नाही. मी आपणहून गेलो. खोलीत खुर्च्या पुष्कळ होत्या आणि पहिल्या रांगेत नाना एकटेच, इस्त्रीचा सदरा घालून. आता त्यांना उठताना खुर्चीचा आधार लागतो. अर्ज वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारले, “बाजूने आणखी कोणी?”

मी उभा राहिलो. माझे घर अगदी समोर आहे, सभागृह व्हावे अशी माझी मागणी आहे, हे सांगितले. “मागच्या वेळी का आला नाहीत?” मागच्या अर्जाचा निकाल चाळत त्यांनी सहज विचारले. मला उत्तर त्यांना द्यायचे नव्हते. मी नानांकडे वळलो.

“नाना, मी आलो होतो. बाहेर व्हरांड्यात उभा होतो. तुमचा पुकारा ऐकला, आणि माझ्या दारात गर्दी नको म्हणून परत फिरलो. माझं चुकलं. मला क्षमा करा.”