मिठीनंतरच्या ओळी

मिठीपर्यंत वाचायचं आणि पुस्तक मिटायचं, ही आमच्या चर्चच्या पाळकांची खोड. यहुद्यांच्या जुन्या शास्त्रातली दोन भावांची गोष्ट त्यांना फार प्यारी. धाकट्यानं आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटला आणि पळाला. कैक वर्षांनी भीत भीत परत आला, तर थोरला धावत गेला, गळ्यात पडला, दोघंही रडले. "पाहा, क्षमा!" असं म्हणत पाळक हात करायचे माझ्या बापाकडं. हिंगोलीतल्या प्रार्थनेच्या पत्र्याच्या खोलीत बापाला सगळ्यांदेखत उभं करायचे. जिवंत उदाहरण म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण ते उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलेलं. आजोबांना मोतीबिंदूनं दिसेना झालं, तेव्हा चुलत्यानं गोडीगुलाबीनं विहिरीकडचं शेत आपल्या नावावर करून घेतलं, विकलं आणि नांदेड गाठलं. बापाच्या वाटणीला खडकाळ रान. बोलणं तुटलं, जाणं-येणं तुटलं. मग नव्वद सालच्या सुमारास, पुसेगावच्या एका लग्नात, पाळकांनी दोघांना समोरासमोर आणलं. बाप धावला. खरंच धावला, एक चप्पल मांडवात मागंच राहिली. भावाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला.

पण आमच्याकडं तुटलेलं नातं मिठीनं जुळत नाही. घरी येऊन ताटावर बसलं की जुळतं. बाप म्हणाला, "चल साखऱ्याला, आपल्या घरी. जेवूनच जा."

"दादा, तुमी व्हा पुढं," चुलता म्हणाला. "लेकरं थकून राहिलीत. आमी येतो सावकाश मागून."

जीप होती त्याच्याकडं, जीप!

आईनं कोंबडी कापली. बाप फाट्यावर जाऊन उभा राहिला. आम्हाला घास खाऊ देईना. "पाव्हण्याच्या आधी जेवता काहून रे?" अंधार पडला, रस्सा थिजला. जीप परस्पर नांदेडला गेली होती, मुडदा बसवला तिचा! बाप एवढंच म्हणाला, "लेकरं थकली आसतील." त्यानंतर दर सणाला तो एक ताट जास्तीचं मांडायला लावायचा. मला चुलत्यापेक्षा बापाचाच राग जास्त यायचा.

एकदा मी स्वतः शास्त्र उघडून पुढच्या ओळी वाचल्या. आगं माय! तिथंही थोरला म्हणतो, चल माझ्यासंगं. धाकटा म्हणतो, लेकरं नाजूक आहेत, तुम्ही पुढं व्हा, मी येतो हळूहळू. आणि जातो भलतीकडंच, तिथंच घर बांधून राहतो. पुन्हा दोघं एकत्र दिसतात ते थेट बापाला पुरायला. पाळकांना म्हणलं, "हे काहून वाचत न्हाई तुमी?"

"बाई, सगळं सार मिठीत हाय."

सार! माझा बाप रिकाम्या ताटाशी बसून राहिला, आणि ह्यांचं सार मिठीत!

सन दोन हजार उलटल्यावर बाप गेला. तेव्हा मात्र चुलता आला. मूठमाती दिली, डोळे पुसले. पाळकांनी तीच गोष्ट वाचली, मिठीपर्यंतच. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर आईनं पंगत बसवली. चुलता आमच्या घरात, बापाच्या जागेवर, मांडी घालून बसला. आईनं ते जास्तीचं ताट काढून त्याच्यापुढं ठेवलं.

"घ्या भावजी. ह्या ताटानं लई वाट पाहिली तुमची."

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता तरी ह्याच्या घशात घास अडकेल.

चुलत्यानं आणखी एक भाकर मागून घेतली.